पाककेंद्री ऐतिहासिक रहस्यकथा : आकर्षणाची मीमांसा

गुन्हा गंभीर, परंतु हिंसेचे वर्णन संयत आणि अखेरीस न्यायाची हमी, ही सौम्य रहस्यकथेची लक्षणे होत. तिला भूतकाळाची व पाककलेची जोड मिळाली की एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : परक्या हातचे अन्न आपण कोणत्या विश्वासावर खातो?

जेनिफर ॲशली यांची नायिका कॅट हॉलोवे ही व्हिक्टोरियाकालीन लंडनमधील स्वयंपाकीण. ‘अ सूप्साँ ऑफ पॉयझन’ (२०१५) या लघुकादंबरीत मालकाच्या मृत्यूनंतर विषप्रयोगाचा संशय तिच्यावरच येतो. त्या काळी अशी भीती निराधार नव्हती. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे मिठाईत भेसळीसाठी वापरल्या जाणाऱ्या भुकटीऐवजी चुकून आर्सेनिक दिले गेले आणि सुमारे २० जण दगावले. १८६० मध्ये तेथे अन्नभेसळविरोधी कायदा झाला.

वाचकाला दिलासा मिळतो तो मात्र याच स्वयंपाकघरातून. पदार्थात काय पडले, ताट कोणाच्या हातून गेले, हे जिला ठाऊक असते, तीच सत्याचा माग काढते. मालकवर्गाने दुर्लक्षिलेल्या श्रमिक स्त्रीच्या ज्ञानाला येथे पुराव्याचे मोल येते. या कथांचे आकर्षण पाककृतींच्या रुचीइतकेच या न्यायातही आहे.