मुलीच्या मापाची तिवई

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसला रायफलमध्ये ऑलिंपिक ब्राँझपदक मिळवलं आणि आमच्याकडे पोरांच्या आयांमध्ये नेमबाजीची चर्चा सुरू झाली. खरं तर कोल्हापूरच्या मुली त्याआधीच पुढे होत्या. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. त्यामुळे 'पोरीच्या जातीला बंदूक कशाला?' असं म्हणणाऱ्या आज्जीही आता जरा दमाने घेतात.

पण मैत्रिणींनो, दहा-अकरा वर्षांच्या पोरीला एअर रायफल झेपते का, हे कोण बघणार? स्पर्धेची रायफल साधारण चार-पाच किलोची, नियमाने जास्तीत जास्त साडेपाच किलो. तेवढं वजन पुढे धरायचं म्हटलं की पोर कंबरेतून मागे वाकते, खांदा वर चढतो, मान तिरकी होते. नेम राहतो बाजूला आणि पाठदुखी सुरू. म्हणून नवशिक्या मुलांना रायफलखाली टेकू देतात. वजन टेकूवर गेलं की पोरीचं लक्ष नजर, श्वास आणि ट्रिगरवरच्या बोटाकडे राहतं.

"ताई, दुकानातला स्टँड घेऊ की घरी करू?" बचत गटातल्या एकीने मला विचारलं. मी म्हटलं, कुठलाही घे, पण पोरीच्या मापाचा घे. मोठ्यांसाठी केलेल्या स्टँडपुढे पोर टाचा उंचावते. ठेंगणा असला तर कुबड काढते. विकत घेतलात तर उंची कमी-जास्त करता येणारा घ्या. पोर दरवर्षी वाढतेच!

दोन पायांचा टेकू पोरीलाच सांभाळावा लागतो. चार पायांचा खडबडीत जमिनीवर डुगडुगतो. तीन पाय मात्र कुठेही टेकतात. चुलीचे तीन दगड आठवा ना!

घरी करायची तर पद्धत सोपी आहे. मुलीला ताठ, सहज उभं करा. प्रशिक्षकांनी रिकामी रायफल तिच्या गालाशी लावली की डावा हात जिथे येतो, त्या लाकडाच्या खालून जमिनीपर्यंत माप घ्या. (डावखुरी असेल तर उजवा हात.) मापापेक्षा वीतभर लांब अशा, सारख्या जाडीच्या तीन सरळ बांबूकाठ्या घ्या. वरून अर्धी वीत सोडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधा. दोन काठ्या पुढे, एक मागे फाकवा. वर जी बेचकी होते, तिला जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळा. पाय आणखी फाकू नयेत म्हणून मध्यावर तिन्हींना दोरी बांधा. कुबडीच्या टोकाला असतात तसे रबरी बूट औषधाच्या दुकानात मिळतात, ते खाली बसवा. गाठीला वाळूची छोटी पिशवी टांगलीत की तिवई आणखी घट्ट बसते.

बेचकीत रायफलचं लाकूड टेकवायचं, नळी नाही. मग बोटाने हलकेच ढकलून बघा. डुलली तर पुन्हा बांधा.

एक मात्र बजावून सांगते. हे सगळं रेंजवर, प्रशिक्षकांसमोरच. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर नाही. रायफलचं तोंड कायम लक्ष्याकडे, सांगेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, डोळ्यांना चष्मा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवायचे. ही सवय आईनेच लावायची.

आणि टेकू कायमचा नव्हे. दहा मीटरच्या स्पर्धेत उभ्याने, टेकूशिवाय रायफल धरावी लागते. म्हणून अंगात ताकद येईल तसं प्रशिक्षक रायफल बेचकीतून कागदभर उचलून पाच आकडे मोजायला लावतात. पुढे दहा. घाई आपल्याला असते, पोरीला नाही. शेजारच्या घरातली मुलगी पदक घेऊन आली म्हणून आपल्या मुलीची तिवई काढून घेऊ नका. तिची पाठ ताठ राहते का, ते बघा. ताठ राहिली की तिवई आपोआप कोपऱ्यात जाईल, आणि मग धाकट्याच्या कामी येईल.