खड्ड्यात न उघडणारी पिशवी

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला जाऊन आलेल्या माणसाला एक प्रश्न पडतोच. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, रस्ता तोच.) खड्ड्यात गाडी एवढी दणकते, मग एअरबॅग उघडत कशी नाही?

उत्तर नखाएवढ्या एका चिपमध्ये आहे. तिच्या पोटात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म कंगवा असतो. वेग एकदम घटला की कंगवा किंचित सरकतो आणि तेवढ्यावरून कंट्रोल युनिट धक्क्याचा हिशेब मांडतं. खड्ड्याचा दणका मुख्यतः खालून येतो आणि लगेच ओसरतो. समोरच्या ट्रकवर आदळल्यावर मात्र वेग घटतच जातो. हा फरक ओळखायला कंट्रोल युनिटला सेकंदाचे एक-दोन शतांश पुरतात.

मग स्टिअरिंगच्या आतली रसायनाची गोळी पेटते आणि वायू सुटतो, मुख्यतः नायट्रोजन. पूर्वी ही गोळी सोडियम अझाइडची असे. ते विषारी, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ग्वानिडीन नायट्रेट आलंय. साधारण 60 लिटरची नायलॉनची पिशवी 30 मिलिसेकंदांत फुगते. तेवढ्यात ताशी 56 किलोमीटर वेगाची गाडी फार तर दीड फूट पुढे जाते. डोकं टेकताच पिशवी मागच्या भोकांतून वायू सोडू लागते. ती तशीच टम्म राहिली, तर डोकं चेंडूसारखं उलट उसळेल.

वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या देशातल्या मोजक्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, नगरातच वाहननगरला आहे. आणि त्याच नगरच्या पार्किंगमध्ये काय दिसतं? डॅशबोर्डवर पिशवीच्या झाकणावरच चिकटवलेली मूर्ती. सीटमधल्या बाजूच्या एअरबॅगवर चढवलेलं जाड कव्हर. बेल्टचा बीप बंद करायला खाचेत अडकवलेली नुसती क्लिप.

स्टिअरिंगवर 'एसआरएस' लिहिलेलं असतं. त्यातला पहिला एस सप्लिमेंटलचा, म्हणजे पुरवणीचा. मुख्य उत्तरपत्रिका बेल्टची. बेल्ट नसेल तर माणूस पिशवी पुरती फुगायच्या आतच तिच्यावर जाऊन पडतो आणि वाचवणारी पिशवीच तोंडावर आदळते.

तेव्हा मूर्ती जरा बाजूला सरकवा, क्लिप काढून टाका. उद्या चावी फिरवाल तेव्हा एअरबॅगचा दिवा बघा. काही सेकंदांत विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर शिर्डीआधी गॅरेज गाठा.