कोपरी ते चंद्राचा कोपरा, व्हाया जेझुइट!

ठाणे ईस्टला, कोपरीच्या बाजूने स्टेशनात शिरताय? थांबा! लोकल यायच्या आत एक गंमत ऐका. माहीत आहे का, तुम्ही उभे आहात ते साष्टी बेट, आणि गोव्यात मडगाव ज्या तालुक्यात येतं, तोही साष्टीच! दोन्ही नावांचा उगम एकच सांगतात : सासष्ट, म्हणजे सहासष्ट गावं.

आता त्या गोव्याच्या साष्टीत चला. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्याला उतरला. जेझुइट म्हणजे सोसायटी ऑफ जीझस, आपल्या मराठीत येशूसंघ. हे फादर धर्म शिकवायला आले खरे, पण आधी स्वतःच विद्यार्थी होऊन आपली भाषा शिकले. कुठवर शिकले? तर १६१६ मध्ये त्यांनी जवळजवळ ११ हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून आणलं! अस्सल मराठी ओवी, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेवरची. त्यात मराठीचं कौतुक करताना रत्न, मोगरा, कस्तुरी अशा एकावर एक उपमा. इंग्लंडच्या विल्टशरमधला मुलगा मोगऱ्याची उपमा देतो, तेव्हा अंगावर काटा येतो की नाही?

ट्विस्ट ऐका : हे मराठी पुराण छापलं रोमन लिपीत! देवनागरीचे खिळेच नव्हते. आणि त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. कुणाच्या माळ्यावर सापडली, तर पहिला फोन मला करा!

बरं, गोव्यात मुळात छापखाना आला कुठून? तो निघाला होता अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. १५५६ मध्ये गोव्यात ट्रान्झिट हॉल्ट घेतला आणि इथेच मुक्काम पडला. जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात तो बसला, आणि भारतातली छपाई सुरू झाली. चुकलेल्या कनेक्शनचा एवढा मोठा फायदा दुसऱ्या कुणाला झाला असेल?

आता येशूसंघाच्या फाउंडरची एंट्री, तीसुद्धा धडाकेबाज! इग्नेशियस लोयोला हा स्पॅनिश शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा पायावर बसला, आणि अंथरुणात पडल्या पडल्या आयुष्याने वळण घेतलं. पुढे शिकायचं ठरवलं, पण लॅटिनचा पाया कच्चा. मग काय? तिशी उलटलेला हा गडी बार्सिलोनात शाळकरी पोरांच्या शेजारी जाऊन बसला आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० मध्ये. मला तर वाटतं, या संघाच्या सगळ्या शाळांचं मूळ त्या एका बाकावर आहे.

दोनच वर्षांत, १५४२ मध्ये, याच संघाचे फ्रान्सिस झेवियर गोव्यात पोचले. त्यांची अ‍ॅडमिशन प्रोसेस? हातात घंटा! गल्लीबोळातून ती वाजवत फिरायचं, पोरं मागे गोळा व्हायची, आणि भरला वर्ग. फॉर्म नाही, डोनेशन नाही, वेटिंग लिस्ट नाही.

शाळेतला मॉनिटर आठवतो? जेझुइट शाळांत दहा मुलांमागे एक पोरगा पाठांतर तपासायला असे. त्याला म्हणत डेक्युरियन, थेट रोमन सैन्यातला हुद्दा! १५९९ मध्ये त्यांनी शिक्षणाचं जाडजूड नियमपुस्तकच काढलं. नाटकंही जोरात, म्हणजे गॅदरिंग फिक्स. आणि वहीच्या माथ्यावर? आपण ‘श्री’ लिहितो ना, तशी तिथली मुलं लिहीत ‘ए.एम.डी.जी.’, लॅटिनमध्ये ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’.

मग आला सायलेंट मोड. १७७३ मध्ये खुद्द पोपनेच संघ बरखास्त केला. पण रशियाच्या कॅथरीन राणीने तो हुकूम आपल्या राज्यात लागूच होऊ दिला नाही, तिला त्यांच्या शाळा हव्या होत्या! १८१४ मध्ये संघ पुन्हा सुरू झाला. आणि १८६९ मध्ये आपल्या धोबीतलावला उघडलं सेंट झेवियर्स कॉलेज. सुनील गावसकरांचं कॉलेज, हो तेच!

इथल्या फादरांचे छंद बघा. स्पेनहून आलेल्या फादर हेरास यांना मोहेंजोदडोच्या लिपीचं वेड, त्यांच्या नावाचं तिकीट टपाल खात्याने १९८१ मध्ये काढलं. दुसरे स्पॅनिश, फादर सांतापाव. आडनावात पाव, पण जीव पानाफुलांत! खंडाळ्याचा घाट पालथा घालून त्यांनी तिथल्या वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला. फांदी तोडायची, कागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, कोपऱ्यात नाव-गाव-तारीख. अशा नमुन्यांचा खजिना म्हणजे कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, तेही एका स्विस जेझुइटाच्या नावाचं. सांतापाव पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख झाले, आणि १९६७ मध्ये पद्मश्री!

माहीत आहे का, ‘निरोप्या’ हे मराठी मासिक १९०३ मध्ये सुरू केलं एका जर्मन जेझुइटाने? त्यांचं नाव हेन्री डोरिंग. ते पुण्याचे बिशप झाले, मग चर्चने पाठवलं जपानला, हिरोशिमात, आणि मग पुन्हा पुण्यात! इतकी लांबची रिटर्न जर्नी कुणी केली असेल?

आणि शेवटचा स्टॉप. १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त करताना काही देशांत ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला, दहा दिवस गायब! आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरमागची ती आकडेमोड लोकांना पटवून देणारे होते जेझुइट गणिती क्रिस्टोफर क्लेव्हियस. त्यांच्या नावाचं विवर चंद्रावर आहे, सुमारे २३० किलोमीटर रुंद. शुक्ल नवमी-दशमीला दुर्बीण घेऊन ठाण्यातल्या चेंदणीच्या बंदरावर या. चंद्राच्या दक्षिणेकडे बघा, एका मोठ्या खळग्यात छोट्या खळग्यांची कमानदार रांग दिसेल. तेच क्लेव्हियस!