ट्रे उघडतो, पण चित्र येत नाही

सिडकोतल्या आमच्या घरी 2009च्या दिवाळीत डीव्हीडी होम थिएटर आलं. यंदा गणपतीत ताईच्या लग्नाची डिस्क लावली, तर आत नुसती घरघर झाली आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. दुकानदार म्हणाला, ‘हे भंगारात द्या, साउंडबार घ्या.’ पण पाचही स्पीकर आणि सबवूफर ठणठणीत होते. आवाजाला काही झालं नसताना सगळा संच फेकायला मन तयार होईना.

शेजारचे काका पैठण रस्त्यावरच्या चितेगावला, व्हिडिओकॉनच्या कारखान्यात होते. धूत कुटुंबाची ती कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली; काकांचा हात मात्र अजून तयार आहे. त्यांनी आधी एक जुनी नाटकाची व्हीसीडी मागितली. ती लगेच चालली! ‘लेन्स धूळ खाऊन बसली असती तर दोन्ही अडल्या असत्या. तुमचा लाल लेसर मंदावलाय,’ काका म्हणाले. व्हीसीडी 780 नॅनोमीटरच्या अवरक्त किरणाने वाचली जाते, डीव्हीडी 650च्या लाल किरणाने. एक थकला तरी दुसरा चालू राहू शकतो. ट्रेच अडकत असेल तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो. ती दुरुस्ती किरकोळ. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ पाहता लेन्स एकदा पुसून बघावीच: प्लग काढून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अगदी हलक्या हाताने.

आमच्या मॉडेलचा लेसरचा भाग बाजारात मिळेना, म्हणून नवा प्लेअर घ्यायचं ठरलं. तेव्हा काकांनी पेटी फिरवून मागची बाजू दाखवली. अशा संचात प्लेअर आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात असतात. डिस्कचा भाग मेला तरी अॅम्प्लिफायर कामाला येतो, पण बाहेरचा आवाज आत घ्यायला वाट हवी. ‘ऑप्टिकल इन’ असेल तर 5.1 आवाज जसाच्या तसा येतो. नुसतं ‘ऑक्स’ असेल तर मूळ आवाज दोनच वाहिन्यांचा मिळतो. आमच्या नशिबाने ऑप्टिकल निघालं. चित्रासाठी एचडीएमआयची वायर थेट टीव्हीला लावली. नव्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज ‘बिटस्ट्रीम’वर ठेवल्यावर मागचे स्पीकर बोलू लागले, तोवर ते गप्पच होते.

ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतो, पण प्रत्येकच व्हीसीडी वाचतो असं नाही. दुकानात जाताना घरची एक व्हीसीडी पिशवीत टाकाच. शिवाय भारताचा डीव्हीडी विभाग 5, अमेरिकेचा 1. तिकडून भाच्याने पाठवलेली डिस्क इथे अडू शकते. प्लेअरचा पर्यायही आता कमी होतोय. ओप्पोने 2018 साली आणि सॅमसंगने 2019 साली नवे प्लेअर आणणं थांबवलं. 2007 साली मोझर बेअरने 34 रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्या, तेव्हा घरोघरी डिस्कांचे ढीग लागले होते. त्यातले कितीतरी मराठी चित्रपट कुठल्याच ॲपवर सापडत नाहीत.

विकतच्या चित्रपटाची डिस्क साच्यातून छापलेली असते, ती नीट ठेवली तर टिकते. लग्नाची, मुंजीची, बारशाची डिस्क मात्र रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेली असते. तो थर उष्णतेने आणि उजेडाने हळूहळू उतरतो, आणि लेसर मंदावला की पहिल्यांदा अडतात त्या याच. ताईच्या लग्नाच्या चार डिस्क आम्ही यूएसबी ड्राइव्ह लावून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. तीन पूर्ण उतरल्या. चौथी पंगतीच्या मध्यावर थांबते. आजोबा आग्रहाने जिलबी वाढत होते, तो भाग गेला.

दिवाळीची आवराआवर करताना जुनी पेटी बाहेर काढाल, तेव्हा आधी घरच्या डिस्क उतरवून घ्या. नवा प्लेअर पाडव्याला आणला तरी चालेल.