यात्रेकरूची पिशवी कशी निवडावी?

आपल्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं उत्तीर्ण होऊन गेलेल्या एका विद्यार्थ्याचें मला परवां पत्र आलें. तो व त्याचे वडील येत्या वर्षीं स्पेन देशांतील सांतियागोची पायीं यात्रा करणार आहेत. मी ती वाट थोडीशी चाललों आहें हें त्यास ठाऊक असल्यामुळें त्यानें विचारलें होतें, “सर, पाठीवर घ्यावयाची पिशवी कोणती व केवढी असावी?” प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचें उत्तर मला स्वतःच्या खांद्यांवर उठलेल्या वळांवरून शिकावें लागलें. तें एकट्यास लिहून पाठविण्यापेक्षां आपल्या वार्षिकांत द्यावें असें वाटलें. कारण ज्यांस स्पेनला कधींच जावयाचें नाहीं, त्यांच्याही पाठीवर रोज सकाळीं एक पिशवी असतेच.

ही यात्रा कोणती तें प्रथम सांगितलें पाहिजे. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांत सांतियागो दे कोंपोस्तेला नांवाचें नगर आहे. प्रभु येशूच्या बारा प्रेषितांपैकीं जब्दीचा पुत्र याकोब याची कबर तेथील मुख्य मंदिरांत आहे अशी श्रद्धा असून, नवव्या शतकापासून युरोपांतील लोक तेथें पायीं जात आले आहेत. वाटा पुष्कळ आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्समधील सें-ज्यां-पिए-द-पोर या गांवाहून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि सुमारें ७८० किलोमीटरांनीं सांतियागोस पोंचते. रोज वीस ते पंचवीस किलोमीटर चाललें तर तिला जवळजवळ पांच आठवडे लागतात. ज्यांस एवढी सवड नाहीं ते निदान शेवटचे शंभर किलोमीटर चालतात. वाटेंतील मुक्कामांचे शिक्के दाखविले म्हणजे त्यांसही यात्रा पुरी केल्याचें प्रमाणपत्र मिळतें. २०२४ सालीं असें प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या पांच लाखांच्या जवळ गेली होती.

आपल्याकडील आळंदीहून पंढरपुरास जाणारी वारी सर्वांना परिचित आहे. वारकरी दिंडीबरोबर चालतो. दिंडीचें अंथरूण-पांघरूण, पीठ-तांदूळ व भांडींकुंडीं मालमोटारींतून पुढच्या मुक्कामीं जातात. त्यामुळें वारकऱ्याच्या खांद्यावर पताका, हातांत टाळ आणि जवळ एखादी लहानशी पिशवी एवढ्यावर भागतें. सांतियागोच्या वाटेवर दिंडी नाहीं. जो तो आपापला निघतो आणि जें लागेल तें आपल्याच पाठीवर नेतो. पैसे दिल्यास सामान मोटारीनें पुढें पोंचविणारे लोक तेथेंही आहेत, व वृद्ध अथवा अशक्त मनुष्यानें त्यांचें साहाय्य घेण्यांत कमीपणा नाहीं. तथापि ज्यास आपला भार आपणच वाहावयाचा आहे, त्याच्या यात्रेचें सुख पुष्कळ अंशीं त्याच्या पिशवीवर अवलंबून असतें.

या पिशवीचा विचार फार जुना आहे. बाराव्या शतकांत या यात्रेविषयीं ‘कोडेक्स कालिक्सतिनुस’ नांवाचा एक लॅटिन ग्रंथ तयार झाला. त्यांतील एका प्रवचनांत यात्रेकरूच्या झोळीचा अर्थ सांगितलेला आहे. ती झोळी लहान असावी. कारण देवावर भरंवसा ठेवणाऱ्यानें शिदोरी थोडीच बाळगावी. आणि तिचें तोंड बांधलेलें नसावें. कारण यात्रेकरू देण्यास व घेण्यास सदैव तयार असला पाहिजे. हें मी वाचलें होतें, इतकेंच नव्हे तर वर्गांत सांगितलेंही होतें. स्वतः निघालों तेव्हां मात्र विसरलों.

२०२३ सालच्या मे महिन्याच्या सुटींत मी सारिया या गांवापासून शेवटचे सुमारें ११५ किलोमीटर चालण्यास निघालों. सर्वांच्या आधीं मी दुकानांत जाऊन पिशवी घेतली. आपल्याकडील गिर्यारोहक मंडळी जिला ‘सॅक’ म्हणतात, तीच ही. तिचें माप आंतील जागेवरून लिटरांत सांगतात. माझी ६० लिटरांची होती. “मोठी असलेली बरी,” असें विक्रेता म्हणाला, व मलाही तें पटलें. घरीं आणून ती भरूं लागलों. रिकामी जागा दिसली कीं तींत कांहींतरी घालावें हा मनुष्यस्वभावच आहे. तीन स्वेटर गेले, दोन जाडे टॉवेल गेले, छत्री गेली आणि रेनकोटही गेला. चार पुस्तकें व चकल्यांचा डबाही गेला. विमानतळावरील कांट्यावर ती १२ किलो भरली. माझें स्वतःचें वजन ६४ किलो.

पहिल्या दिवशीं सारियाहून पोर्तोमारिनपर्यंत बावीस किलोमीटर चालावयाचें होतें. ओक व चेस्टनट वृक्षांची दाट सावली, दगडी कुंपणें, मधून मधून लहान वस्त्या. वाट रम्य, परंतु सारखी चढउतारांची. दुपारीं एका वळणावर कोरिया देशांतील एक प्रौढ बाई दगडावर बसलेल्या दिसल्या. त्यांचा पाय मुरगळला होता. काठी टेकीत हळूहळू चालतां येईल, पण पिशवी घेऊन नाहीं, असें त्यांनीं खुणांनीं सांगितलें. मी त्यांची पिशवी उचलून पाहिली आणि पुन्हां खालीं ठेवली. माझ्याच ओझ्यानें माझे गुडघे लटपटत होते. इतक्यांत मागून एक तरुण आला. त्याच्या पाठीवर आपल्या दप्तराहून थोडी मोठी पिशवी होती. त्यानें बाईंची पिशवी आपल्या छातीवर अडकविली आणि त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकीत तो चालूं लागला. मी त्यांच्या मागून गेलों. त्या दिवशीं माझ्याजवळ सर्व कांहीं होतें. फक्त दुसऱ्यास देण्यापुरती शक्ति नव्हती.

संध्याकाळीं पोर्तोमारिनच्या उंच दगडी पायऱ्या चढून मी मुक्कामास पोंचलों. हें गांव नवें आहे. बेलेसारचें धरण १९६३ सालीं पुरें झालें, तेव्हां जुनें गांव मिन्यो नदीच्या फुगलेल्या पाण्याखालीं गेलें. तत्पूर्वीं जुन्या दगडी मंदिराच्या दगडांवर आंकडे घालून तें सोडविण्यांत आलें व टेकडीवर पुन्हां तसेंच उभारण्यांत आलें. कांहीं दगडांवरील आंकडे अजून दिसतात. मी ते बराच वेळ पाहत उभा राहिलों. एका संबंध गांवावर, काय वर न्यावें व काय पाण्यांत सोडावें, हें ठरविण्याचा प्रसंग आला होता. त्या रात्रीं मी आपलें सामान पलंगावर मांडून त्याचे दोन ढीग केले. यात्रेकरूंच्या धर्मशाळांत नको असलेल्या वस्तु ठेवण्यासाठीं पुष्कळदां एखादी पेटी असते. एक ढीग तींत गेला. आईचें जुनें गीतपुस्तक मात्र जवळ ठेवलें. दुसऱ्या दिवशीं वाट पहिल्यासारखीच होती. पण आतां मला पक्ष्यांचे आवाज ऐकूं येऊं लागले.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं.

पहिली गोष्ट वजनाची. भरलेली पिशवी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून फारशी जड नसावी. उत्पन्नाचा दशमांश देवास देण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. येथें दशमांश हा घेण्याची सीमा आहे. साठ किलो वजनाच्या मनुष्यानें सहा किलो न्यावे. त्यांत पिशवी स्वतः १३०० ग्रॅम. निजण्याची हलकी पिशवी ८००. अंगावरचे सोडून इतर कपडे १२००. पावसाचा अंगरखा ५००. साबण, औषधें व पायांस बांधावयाच्या पट्ट्या ५००. मुक्कामीं घालण्याच्या चपला ३००. फोन व कागदपत्रें ४००. आणि एक लिटर पाणी, म्हणजे १००० ग्रॅम. बेरीज बरोबर सहा किलो होते. कपडे रोज संध्याकाळीं धुवावे, म्हणजे दोन जोड पुरतात. जेवण वाटेंतील गांवांत मिळतें.

दुसरी गोष्ट आकाराची. आधीं सामान ठरवावें व पिशवी सर्वांत शेवटीं घ्यावी. मी नेमकें उलट केलें. उन्हाळ्याच्या दिवसांत ३० ते ३५ लिटरांची पिशवी पुरे. थंडीचे कपडे लागणार असतील तर ४० लिटरांची. लहान पिशवी ‘पुरे’ म्हणते. मोठी पिशवी तसें कधींच म्हणत नाहीं.

तिसरी गोष्ट पाठीच्या मापाची. पिशवी मनुष्याच्या उंचीवरून निवडूं नये, पाठीच्या लांबीवरून निवडावी. मान पुढें वांकविली असतां तिच्या मुळाशीं जो मणका वर येतो तेथपासून, कमरेवर हात ठेवले असतां दोन्ही अंगठे मागें ज्या रेषेंत येतात तेथपर्यंत, दोरीनें मोजावें. सारख्याच उंचीच्या दोघां भावांचें हें माप निरनिराळें निघूं शकतें. कित्येक पिशव्यांचे पट्टे या मापाप्रमाणें वरखालीं करतां येतात. शक्य तर तशीच घ्यावी.

चौथी गोष्ट कमरपट्ट्याची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. खांदे हे भार टांगण्यासाठीं केलेले नाहींत. पट्टे रुतले म्हणजे तेथील स्नायु आखडतात व हातांस मुंग्या येतात. कमरेचीं हाडें मात्र बळकट असून तीं आपला भार सरळ पायांकडे देतात. आपल्या खेड्यांतील बाया पाण्याची घागर कमरेवर कां घेतात, याचें उत्तर यांतच आहे. चांगल्या पिशवीस रुंद व मऊ कमरपट्टा असतो. तो पोटावर न बांधतां कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसवावा. मग भाराचा बहुतेक भाग कमरेवर येतो, व खांद्यांचे पट्टे पिशवीस पाठीशीं धरून ठेवण्यापुरतेच राहतात. बांधण्याचा क्रमही ध्यानांत ठेवावा: आधीं कमर, मग खांदे, शेवटीं छाती.

पांचवी गोष्ट भरण्याची. पाण्यानें भरलेली बादली अंगाशीं धरावी आणि मग हात लांब करून धरावी. वजन तेंच, पण दुसऱ्या वेळीं तें कितीतरी अधिक भासतें. पिशवींतही हाच नियम चालतो. जड वस्तु पाठीस लागून, मध्यभागीं ठेवाव्या. त्या दूर राहिल्या तर पिशवी मागें ओढते, व तोल सांवरण्यासाठीं मनुष्य दिवसभर पुढें वांकून चालतो. निजण्याची पिशवी तळाशीं घालावी. पावसाचा अंगरखा सर्वांत वर असावा, कारण सांतियागो ज्या गॅलिसिया प्रांतांत आहे तेथें पाऊस वारंवार येतो. आंतील कपडे प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधले म्हणजे कोरडे राहतात.

सहावी गोष्ट परीक्षेची. दुकानांत रिकामी पिशवी कोणतीही सुखाचीच वाटते. तींत पांच-सहा किलो वजन घालून निदान पाव तास चालून पाहावें, दोन-चार पायऱ्याही चढाव्या. नंतर निघण्यापूर्वीं कांहीं शनिवारीं भरलेली पिशवी व तेच बूट घालून दोन-तीन तास चालावें. पिशवी महाग असलीच पाहिजे असें नाहीं. मापास बसणारी उसनी पिशवी, मापास न बसणाऱ्या किंमती पिशवीपेक्षां शतपट चांगली.

पालकांनीं येथें थोडा दप्तराचाही विचार करावा. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणांतही दशमांशाचाच नियम सांगितला आहे. म्हणजे चाळीस किलो वजनाच्या मुलाचें दप्तर चार किलोंच्या आंत असावें. एकदां तें कांट्यावर ठेवून पाहावें. विद्यार्थ्यांनीं रोज रात्रीं दुसऱ्या दिवसाचें वेळापत्रक पाहून दप्तर भरावें, आणि दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यावे; एकाच खांद्यावर टाकण्याची ऐट पाठीस वांकडी पडते.

पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत एकाच अध्यायांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत: एकमेकांचीं ओझीं वाहावीं, आणि प्रत्येकानें आपला भार आपण वाहावा. लहानपणीं मला यांत विरोध वाटे. त्या वळणावरच्या तरुणाला पाहिल्यापासून वाटत नाहीं. ज्यानें आपला भार बेताचा ठेवला, त्यालाच दुसऱ्याचें ओझें उचलतां येतें.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यास मी असें लिहिलें आहे: “पस्तीस लिटरांची पिशवी घे, पण ती पुरी भरूं नकोस. तुझे वडील आतां साठीच्या पुढें गेले आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ते कांहीं बोलणार नाहींत. पण त्यांचीं पावलें मंदावतील. त्या वेळीं त्यांच्या पिशवींतील कांहीं वस्तु तूं आपल्याकडे घ्याव्यास. त्यांच्यासाठीं जागा आतांच राखून ठेव.”