सुप्पंडी कुणाचा?

‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेचे चित्रकार अकिरा तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले. ही चित्रमालिका त्यांनी १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात काढली. तिचे ४२ खंड झाले. मूळ मालिका संपून तीन दशकं झाली, तरी खंड खपतात, सिनेमे येतात, व्हिडिओ गेम आणि खेळणी विकली जातात. जपानमध्ये अशी मालिका आधी साप्ताहिकात प्रकरणाप्रकरणाने छापून येते. वाचक आपली पसंती कळवतात आणि मागे पडलेल्या मालिकेचा गाशा गुंडाळला जातो. जी टिकते तिचे खंड निघतात, खंडांवर चित्रकाराला रॉयल्टी मिळते आणि कॉपीराइटही सहसा त्याच्याकडेच राहतो. वाचक मालिकेइतकाच चित्रकाराच्या नावाने पुस्तक मागतो.

इतकं दीर्घायुषी यश आपल्याकडेही आहे, आणि त्याचा पत्ता मुंबईतल्या मरोळचा आहे. ‘अमर चित्र कथा’ ही चित्रपुस्तकांची मालिका आणि ‘टिंकल’ हे मुलांचं नियतकालिक यांचा कारभार मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या कचेरीतून कित्येक वर्षं चालत आला आहे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊससाठी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिची चारशेहून अधिक पुस्तकं निघाली. आजवर दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या, असं कंपनी सांगते. मालकी बदलली, पण जुनी पुस्तकं छापली जातच राहिली. कृष्णाची किंवा कर्णाची गोष्ट शिळी होत नाही. दर दहा वर्षांनी तिला नवी मुलं भेटतात.

ही पानं कुणी काढली, हे मात्र मराठी घरांतही फारसं ठाऊक नाही, आणि मला ते मनापासून लागतं. ‘कृष्ण’ हा मालिकेला वळण देणारा अंक राम वाईरकरांनी काढला. प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी कितीतरी पुराणपुरुष आणि राजे उभे केले. आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर कृष्ण म्हणून जो येतो, त्यात वाईरकरांच्या रेषेचा मोठा वाटा आहे.

‘टिंकल’ १९८० मध्ये निघालं. तिरुचीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून १९८३ मध्ये त्यात सुप्पंडी हे भोळसट पात्र आलं. त्याला रूप दिलं ते पुन्हा वाईरकरांनीच. त्याच वर्षी वसंत हळबे यांच्या हातून शिकारी शंभू आला. त्याचे डोळे कायम टोपीखाली झाकलेले. इथे चित्रकाराची खरी कसोटी दिसते. सुप्पंडीचं वेडंवाकडं डोकं, शंभूचे टोपीआडचे डोळे अशा एका खुणेवर पात्र ओळखता आलं, की दुसरा चांगला हात ते पुढे नेऊ शकतो. हळबेंनंतर शंभू सॅव्हिओ मस्कारेन्हस यांनी सांभाळला. वाईरकर २००३ मध्ये गेले. पुढे सुप्पंडी काढू लागल्या त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर. बापाने जन्माला घातलेलं पात्र लेकीने इतकी वर्षं जगवावं, हे जगातल्या कुठल्याही चित्रकथेच्या इतिहासात ठळकपणे नोंदवण्यासारखं आहे.

जपानमध्येही पात्रं दुसऱ्या हाती गेली: तोरियामांच्या हयातीतच, २०१५ पासून, ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या पुढच्या मालिकेची चित्रं तोयोतारो काढू लागले. तिथे मूळ कर्ता आणि वारसदार, दोघांची नावं खंडाच्या मुखपृष्ठावर असतात. आपल्याकडे पात्रं प्रकाशनसंस्थेची. त्याचा फायदाही झाला: चित्रकार गेला म्हणून पात्र मेलं नाही, महाराष्ट्राबाहेर अनेक भाषांत पोचलं. पण पात्राची मालकी संस्थेकडे ठेवूनही कर्त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापता येतं. त्याला वेगळा खर्च येत नाही. सुप्पंडीच्या पुढच्या संग्रहावर, शीर्षकाच्या लगेच खाली, राम वाईरकर आणि अर्चना आंबेरकर ही दोन्ही नावं छापावीत. शंभूच्या संग्रहावर वसंत हळबे यांचं.