भीती उतरली, पुढे काय?

नशा आणि जवळीक यांचं नातं आपल्याकडे कुणी नव्याने सांगायला नको. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाकडे चुन्याची डबी मागितली की बोलणं पीकपाण्यावरून पोरांच्या लग्नापर्यंत सहज जातं. दारूचा असा परिणाम पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मायकेल सायेट यांनी मोजूनच पाहिला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ७२० जण होते. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघातिघांना त्यांनी एका टेबलाशी बसवलं. ज्या गटांना दारू मिळाली, त्यांतले तिघे एकाच वेळी मनापासून हसण्याचे क्षण वाढले आणि जवळीकही अधिक वाटली. दारूने मोडलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यापुढची गोष्ट ठाऊक आहे.

मला सांगायचं आहे ते मात्र एमडीएमएबद्दल. (मुंबई-पुण्याच्या बातम्यांत ‘एमडी’ म्हणून येतं ते बहुधा मेफेड्रोन, ते रसायन वेगळं.) जर्मनीत मर्क कंपनीच्या आंटोन क्योलिश यांनी १९१२ साली एमडीएमए बनवलं, तेव्हा शोध चालला होता रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाचा. पुढे कॅलिफोर्नियात अलेक्झांडर शुल्गिन यांनी ते पुन्हा तयार केलं, स्वतः घेऊन पाहिलं आणि १९७७ च्या सुमारास लिओ झेफ या मानसोपचारकांच्या हाती दिलं. झेफ निवृत्त व्हायच्या बेतात होते. तो बेत सोडून त्यांनी कितीतरी सहकाऱ्यांना या गोळीच्या साहाय्याने उपचार करायला शिकवलं. तीच गोळी एक्स्टसी नावाने नाचाच्या पार्ट्यांतही पोहोचली. १९८५ साली अमेरिकेने तिच्यावर बंदी घातली. आपला एनडीपीएस कायदाही त्याच वर्षीचा.

ही गोळी नेमकं काय करते? मेंदूत सेरोटोनिन मोठ्या प्रमाणात सुटतं, ऑक्सिटोसिनही वाढतं, आणि माणूस समोरच्याला घाबरेनासा होतो. २०१० मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की मोठ्या डोसनंतर लोकांना प्रेमळ वाटतं. पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखणं त्यांना जड जातं. म्हणजे इथे सहानुभूती वाढते असं सरसकट म्हणता येत नाही. धोक्याची खूण दिसेनाशी होते, हाही त्या जवळिकीचा भाग आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या अँथनी गॅबे यांच्या प्रयोगातून याची दुसरी बाजू कळली. एमडीएमए घेतलेल्या पुरुषांना त्यांनी सहकार्य की दगाबाजी, असा खेळ खेळायला दिला. समोरचा खेळाडू भरवशाचा असेल तर त्याच्याशी सहकार्य वाढलं. तो दगाबाज असेल तर वाढलं नाही. गोळीने कुणाला भोळं केलं नाही. पण आयुष्यात दगा देणारा माणूस पुष्कळदा आधी भरवशाचाच दिसतो, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

ही अडचण उपचाराच्या खोलीत उघडी पडली. आघातानंतरच्या मानसिक विकारावर, म्हणजे पीटीएसडीवर, या गोळीसह झालेल्या मानसोपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ९० रुग्णांच्या या चाचणीत एमडीएमए मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोक शेवटी विकाराच्या निकषांत बसत नव्हते. फक्त मानसोपचार आणि नकली गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. वर्षानुवर्षं कुणाजवळ बोलता न आलेली गोष्ट या लोकांना बोलता आली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मात्र त्याआधीच्या टप्प्यात कॅनडातल्या एका रुग्ण महिलेशी उपचारकांनीच गैरवर्तन केलं होतं. २०२४ मध्ये त्या काळातले तीन शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मंजुरी नाकारली. गोळी मिळाली की नकली, हे रुग्ण ओळखतात, हाही आक्षेप होताच. ऑस्ट्रेलियाने मात्र जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना परवानगी दिली आहे.

विश्वासाचं एकच रसायन असतं, ही कल्पनाही टिकलेली नाही. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला की अनोळखी माणसाच्या हाती अधिक पैसे सोपवले जातात, असा २००५ चा झुरिचचा निष्कर्ष जगभर गाजला. २०२० मध्ये ६७७ लोकांवर तोच प्रयोग केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. याहून बोलकी आहे ती गुल डोलेन यांची उंदरांवरची पाहणी. लहान वयात सोबतीची गोडी शिकण्याचा जो काळ असतो, तो एमडीएमएने मोठेपणी पुन्हा उघडतो. पण केव्हा? उंदीर इतर उंदरांसोबत असताना गोळी दिली तर. एकट्याला दिली तर नाही.

अफूच्या वंशातल्या नशांची गोष्ट याहून दुःखाची. याक पँकसेप यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की आईपासून तुटलेल्या पिल्लांचं रडणं मॉर्फीनच्या अगदी थोड्या मात्रेने थांबतं. माणसाची उणीव ही नशा थेट भरून काढते, आणि मग माणसंच नकोशी होतात. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आली तेव्हा लेखक अनिल अवचटांनी तिच्या विळख्यातल्या पोरांबद्दल लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याने आलेल्याजवळ बसतो. आईचे दागिने विकले, बायकोशी खोटं बोललो, हे सगळ्यांसमोर सांगितलं जातं आणि ऐकून घेतलं जातं. तुटलेला विश्वास तिथे कोणत्याही गोळीविना, महिनोन्‌महिने खपून सांधतात.

उद्या आपल्याकडे एमडीएमएच्या उपचारांचा विषय निघेल. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी आणि नियामकांनी डोसाच्या आधी खोलीचे नियम लिहावेत. गोळी घेण्याआधीच रुग्णाला सगळं नीट समजावून त्याची संमती घ्यावी, स्पर्श कुठवर चालेल ते तेव्हाच ठरवावं, सत्राचं चित्रीकरण बाहेरच्या कुणीतरी तपासावं, आणि तक्रार उपचारकाच्या संस्थेकडे न जाता दुसरीकडे जावी. हे नियम होत नाहीत तोवर ही गोळी रुग्णाच्या हाती देऊ नये.